शहाण्णव हजारांचा निराधार

६ ऑगस्ट २०१२, सोमवार

डायरी गेल्या वर्षीची आहे. कुठल्याशा कोचिंग क्लासने पोरांना फुकट वाटली होती, मेसमधल्या एकाने कोरीच टाकून दिली. छापलेले वार खोडून नवे घालतो आहे. प्रत्येक पानाच्या तळाला फिजिक्सचं एक सूत्र आहे. ते कळत नाही, पण पानाला वजन येतं.

आज बायकोची, गौरम्माची मनगटं पाहिली. सुजली आहेत. पार्वतीबाईंच्या मेसमध्ये ही दोन्ही वेळच्या मिळून चारशे चपात्या लाटते. लातूरला शिकायला आलेली पोरं अभ्यास किती करतात माहीत नाही, जेवतात मात्र मन लावून. विचारलं तर म्हणाली, पावसाळी हवा हाय, व्हतंय असं. हळद-तेल चोळलं आणि परत कामाला गेली.

मला फार वाईट वाटलं. तासभर काही सुचलं नाही. मग सुचलं.

संकल्प : दिवाळीच्या आत गौरम्माचं लाटणं बंद.

मार्ग : निराधारचा पगार. म्हाताऱ्या माणसांना सरकार दरमहा देतं ते पैसे. गल्लीत सगळे त्याला पगारच म्हणतात. ‘निराधार’ हा शब्द मला व्यक्तिशः पटत नाही. मी पंचवीस वर्षं डाळमिलमध्ये काट्यावर होतो. माझ्या सहीशिवाय तुरीचं पोतं हलत नव्हतं. मिल बंद पडली तेव्हापासून सध्या मोकळा आहे. त्याला आता चौदा वर्षं होतील.

तूर्त फक्त पात्रता तपासायची. पात्र निघालो तर घ्यायचं की नाही ते मग ठरवू. गौरम्माला काही सांगायचं नाही. पहिला पगार एकदम तिच्या हातावर ठेवायचा.

८ ऑगस्ट, बुधवार

तहसीलसमोर रियाजचं झेरॉक्सचं दुकान आहे. अर्जही भरून देतो. त्याला म्हटलं, एका ओळखीच्या गृहस्थांसाठी विचारतोय. रियाज म्हणाला, अप्पा, त्या गृहस्थांचं वय पासष्ट पायजे, कागदावर. मी म्हटलं, पासष्टच आहे. तो म्हणाला, कागदावर बोला. मग उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, रहिवासी, फोटो असं बरंच बोलत राहिला. शेवटचं बारीकसारीक मी ऐकलं नाही. सिस्टीम लक्षात आली होती.

निघताना म्हणाला, पयले काकूंशी बोलून घ्या ना एकदा. गौरम्माचा यात काय संबंध? तिला अक्षरओळखही नाही.

अडचण एकच. रेशनकार्डावर माझं वय अठ्ठावन्न निघतं. भूकंपाच्या वेळी एका कागदावर सात वर्षं कमी लागली, पुढे सगळे कागद त्याच्याच मागून गेले. गावातली शाळा पडली, तिथलं रजिस्टर ढिगाऱ्यात गेलं. किरकोळ दुरुस्ती आहे. होईल.

१३ ऑगस्ट, सोमवार

आज तलाठ्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. सरकारी माणसासमोर जायचं म्हणजे नीट जावं. सफारी घातला, कपाळाला विभूती, मनगटाला घड्याळ. घड्याळ बंद आहे, पण लांबून कळत नाही. केस कालच काळे केले. दर महिन्याला पाच तारखेच्या पुढेमागे गौरम्मा काळ्या मेंदीची पुडी आणते आणि न बोलता आरशाखाली ठेवते. या बाबतीत बाई फार नियमित.

रांगेत पुढे आमच्या गल्लीतला भीमाशंकर. याच्या घरावर ‘मुलांसाठी रूम’ अशी पाटी आहे, आठ खोल्या पोरांना दिल्यात. पोराची फी माफ व्हावी म्हणून दाखला काढायला आला होता. अंगात फाटका शर्ट, पायात रबरी चप्पल, आवाज आजाऱ्याचा. साहेब, हातावरचं पोट हाय म्हणाला. तलाठ्याने वीस हजार लिहिले. मला शरम वाटली. माणसाने किती खाली यावं?

माझा नंबर आला. तलाठी तरुण आहे, नवा. विचारलं, काय करता? मी मिलचा काळ सांगितला. तुरीच्या भावाचं माझं मत सांगितलं. मग त्याने विचारलं, महिन्याला किती पडतात? आता मागे आठ माणसं उभी. त्यांच्यासमोर काही नाही असं कसं म्हणायचं? म्हटलं, देवाच्या दयेने कमी नाही. तो म्हणाला, आठ हजार धरू? मी म्हटलं, धरा.

१६ ऑगस्ट, गुरुवार

दाखला आला. वार्षिक उत्पन्न रुपये शहाण्णव हजार फक्त. गोल शिक्का, खाली सही. तीन वेळा वाचला. चौदा वर्षांत माझ्याविषयी कोणी इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. लॅमिनेशन करून घ्यावं म्हणतो.

१८ ऑगस्ट, शनिवार

रियाजने दाखला पाहिला आणि कपाळावर हात मारला. म्हणाला, या अल्ला, अप्पा, मर्यादा एकवीस हजाराची हाय, मी सांगितलं नव्हतं का? सांगितलं असेल. हळू बोलतो तो. म्हणाला, तलाठ्याकडं परत जा, चुकलं म्हणा, खरं सांगा. मी म्हटलं, सरकारने मान्य केलेली गोष्ट मी खोटी कशी म्हणू?

तोडगा सुचला आहे. अर्जाला एक पत्र जोडायचं आणि सगळी परिस्थिती साहेबांच्या भाषेत मांडायची. माझं अक्षर सुंदर आहे. समोरच्यावर परिणाम होतो.

५ सप्टेंबर, बुधवार

मी तहसीलकडे निघालो तर गौरम्मा चपला घालता घालता म्हणाली, बुधवारी कशाला जाताव, सायब दौऱ्यावर असतोय. हिला कसं माहीत? मेसमध्ये बायका काहीही बोलत असतात. तरी गेलो. साहेब दौऱ्यावर होते.

गौरम्मा पार्वतीबाईंसोबत बँकेत गेली होती. पार्वतीबाईंचं काम असणार. सोबत म्हणून हिला नेतात. येताना पुडी घेऊन आली.

१० सप्टेंबर, सोमवार

वयाच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखाना. पुन्हा सफारी. केस आदल्या दिवशीच काळे कुळकुळीत केले होते. डॉक्टर वरच्या मजल्यावर. पायऱ्या दोन-दोन चढलो, म्हाताऱ्यांची गर्दी मागे टाकली. डॉक्टरांनी विचारलं, वय किती? म्हटलं, तुम्हीच ओळखा. त्यांनी डोळे पाहिले, दात पाहिले. म्हणाले, पंचावन्नच्या आसपास. मी हसलो आणि म्हटलं, सगळे तेच म्हणतात.

दिवस फार छान गेला. येताना पाव किलो पेढे आणले. गौरम्माने विचारलं, कशाचे? म्हटलं, असेच.

१२ सप्टेंबर, बुधवार

दाखल्यावर ‘अंदाजे ५५ ते ५८’ लिहिलंय. रियाजने तो दोनदा वाचला. मग म्हणाला, अप्पा, लोक म्हातारं दिसायला लाठी घेऊन जातेत, तुमी बाल काले करून गेले. पुन्हा म्हणाला, काकूंशी बोला.

नवा संकल्प : मेंदी बंद. खरं वय दिसू द्यायचं, मग पुन्हा दवाखाना.

२५ सप्टेंबर, मंगळवार

मेंदीशिवाय पंधरा दिवस. कानापाशी पांढरं निघालंय. गौरम्मा रोज बघते.

सायंकाळी ५. क्लासला जाणारी एक मुलगी सायकलवरून म्हणाली, आजोबा, जरा सरका.

सायंकाळी ६. मेंदी लावली. संकल्प चांगला होता, पण त्यासाठी आधी तब्येत खणखणीत पाहिजे. दवाखाना पुढे ढकलला.

३० सप्टेंबर, रविवार

आज भूकंपाला एकोणीस वर्षं झाली.

आमच्या गावातलं घर पडलं, माणसं वाचली. मी, गौरम्मा आणि मुलगी अंबिका. अंबिका आता उदगीरला दिलेली आहे. तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये होतो आम्ही, मिलही दोन महिने बंद होती. एका संस्थेची माणसं आली आणि दोन रांगा लावल्या. चाळिशीच्या आतल्या पुरुषांना बांधकाम शिकवून काम देणार होते, त्यांची एक. म्हातारे, बायका, लहान पोरं यांची दुसरी, खिचडीची. मी सेहेचाळीस वर्षं पूर्ण केलेली होती. पण मला ताट घेऊन त्या रांगेत उभं राहवलं नाही. वय एकोणचाळीस सांगितलं. चार दिवस विटा उचलल्या, मग पाठ धरली आणि सोडून दिलं.

त्या चार दिवसांत आणि पुढचे दोन महिने खिचडीच्या रांगेत गौरम्मा उभी राहत होती. तिघांची ताटं घेऊन. मला कधी बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही, रांग किती लांब होती.

हे आज का लिहिलं कोण जाणे. पत्राचा मसुदा करायला बसलो होतो.

८ ऑक्टोबर, सोमवार

अर्ज दिला. सोबत शहाण्णव हजारांचा दाखला, पंचावन्न ते अठ्ठावन्नचा दाखला आणि चार पानी पत्र. पत्रात लिहिलंय की वरील दोन्ही कागद तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले तरी परिस्थिती वेगळी आहे, जाणकारांनी ती ओळखावी. खिडकीतल्या बाबूने पत्र उलटंसुलटं पाहिलं आणि सगळं टाचलं. पोच मिळाली. आता फक्त वाट पाहायची.

पहिल्या पगारातून गौरम्माला मनगटाचा पट्टा घ्यायचा. मेडिकलमध्ये पाहून ठेवलाय.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

घर पाहायला तलाठी येणार असा निरोप. मी तयारीला लागलो. भीमाशंकरकडून पाच खुर्च्या आणल्या. त्याच्या रूमवरच्या दोन पोरांना सांगून ठेवलं, साहेब आले की मला सर म्हणा. रियाजकडे त्याची मोटरसायकल दारात लावायला मागितली. तो म्हणाला, अप्पा, हात जोडतो. आणि दिली नाही.

गौरम्मा मेसवर जाताना खुर्च्यांकडे बघत म्हणाली, कुनी सरकारी येनार असंल तर खुर्च्या माघारी द्या, पंखा बंद ठिवा. कोण म्हणालं सरकारी येणार? तिला कशाचाच पत्ता नाही आणि सल्ला मात्र तयार.

तलाठी आला. नानकटाई, चहा. पोरं सर म्हणाली. जरा जास्तच वेळा म्हणाली. त्याने रेशनकार्डाचा नंबर उतरवून घेतला आणि ‘राहणीमान समाधानकारक’ असं लिहिलं. मी वाकून वाचलं. समाधानकारक! छाप पडली आहे.

६ नोव्हेंबर, मंगळवार

गौरम्मा काल बँकेत जाऊन आली. आज मेसवरून तासभर उशिरा आली, पार्वतीबाईंकडे जास्तीचं लाटायला घेतलंय म्हणे. काय कारण? म्हणाली, दिवाळी हाय. पोरं तर दिवाळीला गावी जाणार!

मेंदीची पुडी आली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा विसरली. आरशाखाली दोनदा पाहिलं. बोललो नाही, पण अशा बारीक गोष्टींनीच माणसाचं मन दुखावतं.

८ नोव्हेंबर, गुरुवार

तहसीलला गेलो होतो. काय झालं ते क्रमाने लिहितो.

टेबलावर बसवंत नावाचे क्लार्क, मूळचे नांदेडचे. पोच दाखवली. म्हणाले, अप्पा, तुमी काय करून राहिले हे? तुमचा अर्ज तर नामंजूर झालाच, पण तुमच्या रेशनकार्डावर घरात आधीपासून एक लाभार्थी हाय, तिचंबी बंद पडलं की. एका कार्डावर दोन दाखले. तिचा अठरा हजारांचा, तुमचा शहाण्णवचा. वरून शेरा आला, खुलासा होईपर्यंत पगार थांबवा.

मी म्हटलं, कोण लाभार्थी? चूक आहे. दुसरी कोणी गौरम्मा असेल. या भागात गौरम्मा खूप आहेत.

बसवंतांनी फाईल काढून समोर ठेवली.

चार वर्षांपूर्वीची आहे. अर्ज रियाजच्या अक्षरात, खाली अंगठा. अंगठा म्हणजे कोणाचाही असू शकतो, असं मी म्हणणार होतो. पण फोटो होता. अंबिकाच्या लग्नात स्टुडिओत आम्ही दोघांनी काढलेला, त्यातली ती कापून लावली आहे. हिरवी साडी. फोटोच्या कडेला अर्धा खांदा राहिलाय, सफारीचा.

वयाचा दाखलाही आहे. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तेव्हा छप्पन्न, फार तर सत्तावन्नची असेल. डॉक्टरांनी नुसतं बघून पासष्ट लिहिलंय.

मग घरचा पंचनामा, आधीच्या तलाठ्याच्या हातचा. मी त्या वेळी स्टँडवर पेपर वाचत असणार. इथे उतरवून ठेवतो. ‘अर्जदार मेसमध्ये चपात्या लाटते. मुलगा नाही. पती हयात. काही करत नाहीत. व्यसन नाही. स्वभाव चांगला आहे असे अर्जदार सांगते. दोघांचा निर्वाह अर्जदाराच्या कमाईवर.’

बसवंतांनी पाणी दिलं. मी विचारलं, आता काय करायचं? म्हणाले, शहाण्णव हजार खरे असतील तर काही नाही, बंद ते बंद. खोटे असतील तर तसं लिहून द्या, नोटरी करून. तुमच्या हातानं.

म्हटलं, विचार करून सांगतो.

८ नोव्हेंबर, सायंकाळ

घरी आलो तर ती मनगट चोळत बसली होती. मी काही सांगायच्या आधीच म्हणाली, पगार थांबलाय, म्हैनाभर जास्तीचं लाटते, मग बघू. कोणामुळे थांबलाय ते तिला माहीत होतं. रियाजने बँकेच्या दारातच सांगितलं होतं तिला. तीन दिवस माहीत होतं आणि रोज माझं ताट वाढत होती.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस चार वर्षं? म्हणाली, तुमाला निराधार म्हनलेलं सोसलं नसतं.

११ नोव्हेंबर, रविवार

तीन मसुदे केले.

पहिला : ‘काही अपरिहार्य कारणास्तव सध्या उत्पन्नात खंड पडला असून...’ फाडला.

दुसरा : ‘तलाठ्याच्या गैरसमजातून...’ त्या पोराचा काय दोष? फाडला.

तिसरा साडेतीन ओळींचा आहे. सगळ्यात जास्त वेळ त्याला लागला.

१२ नोव्हेंबर, सोमवार

सुटीआधीचा शेवटचा चालू दिवस. सफारी घातला नाही. रियाजने स्टॅम्प पेपर दिला आणि एक शब्द बोलला नाही. त्याबद्दल त्याचा मी आभारी आहे. मी माझ्या हाताने लिहिलं, ‘मी शिवलिंग, वय ६५, धंदा काही नाही. मला कसलेही उत्पन्न नाही. आठ हजार मी लाजेपोटी सांगितले. चौदा वर्षांपासून माझा निर्वाह पत्नी गौरम्मा हिच्या कमाईवर चालतो.’

रांगेत मागे सात माणसं होती. बसवंतांनी मोठ्याने वाचलं. नियम असेल तसा. म्हणाले, पुढच्या महिन्यापासून तिचा पगार सुरू होईल, थकलेलाही येईल. मग कागद जरा लांब धरून म्हणाले, अक्षर मात्र झकास हाय, अप्पा.

१३ नोव्हेंबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

मेस बंद, पोरं गावी गेली. आज ती घरी होती. पूजा झाल्यावर म्हणाली, काय लिवून दिलं ते वाचा की मला. झेरॉक्स होती. वाचून दाखवली, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. खोलीत आम्ही दोघंच होतो, तरी नोटरीपुढे झाला नाही एवढा त्रास झाला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, माझं नाव नीट लिवलंय का? म्हटलं, हो. म्हणाली, मंग झालं.

संकल्प तसाच राहिला. दिवाळी आली, लाटणं चालू आहे. पट्टा मेडिकलमध्येच आहे. सोमवारी मेस उघडली की मी सोबत जाणार आहे. कणीक तिंबायला माणूस पाहिजे, पार्वतीबाईंनी विचारलं होतं म्हणे, दोन वर्षांपूर्वीच. गौरम्मानेच त्यांना सांगितलं होतं, त्यांना सध्या वेळ न्हाई.

आता आरशापाशी गेलो तर खाली मेंदीची पुडी. जास्तीच्या लाटण्यातून आणलेली. म्हणाली, सणाचं लावा की, असं बरं दिसत न्हाई. चार वर्षं दर पाच तारखेला ही पुडी निराधारच्या पगारातून येत होती आणि ती लावून मी निराधार नसल्याचं गावाला दाखवत होतो.

पुडी फोडली नाही. देव्हाऱ्यामागे खिळ्याला तिची कागदांची पिशवी असते, तिच्यात झेरॉक्सशेजारी ठेवली.

उद्या पाडवा आहे. ओवाळताना ती जवळून बघते. तेवढ्यापुरती, फक्त कानापाशी, लावावी की काय?